पंगतीत पानं मोजत बसू नका

परवा भाचा आला तो तोंड पाडूनच. कॉलेजच्या परीक्षेत पायथॉनच्या पेपरात त्याचे दोन मार्क कापले. प्रश्न साधा, यादीतली सगळी नावं छापा. पठ्ठ्याने लिहिलं, 'फॉर नाव इन नावे'. उत्तर बरोबर, पण शेजारी लाल शाईत शेरा: "इंडेक्स कुठे आहे?"

"मावशी, माझं चुकलं का गं?"

नाही रे राजा. म्हणून आजची पोस्ट म्हणजे भांडण आहे. प्रोग्रॅमिंगशी देणंघेणं नसलेल्यांनीही (ताई, तूसुद्धा!) वाचायला हरकत नाही.

लूप म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करणं. समजा पंगत बसलीय आणि तुमच्या हातात भाताचं पातेलं आहे. तुम्ही प्रत्येक पानावर भात वाढता, बस्स. "शून्याव्या पानावर भात, आता आकड्यात एक मिळवा, आकडा एकूण पानांपेक्षा कमी आहे ना बघा" असं पुटपुटत कोणी वाढतं का? 'रेंज' आणि 'लेन' घालून लिहिलेला लूप नेमकं हेच करतो. आणि असं मोजणारा कधी ना कधी चुकतो. एकपासून सुरू केलं की पहिलं पान उपाशी. शेवटी एक जास्त मोजलं की पान नाही तिथे भात, म्हणजे प्रोग्रॅम एरर देऊन बंद.

आकडा खरोखरच हवा असेल तर 'एन्युमरेट' आहे, २००३ च्या २.३ आवृत्तीपासून. दोन याद्या जोडीने चालवायच्या तर 'झिप' आहे, २००० च्या २.० पासून. आखूड यादी संपली की तो थांबतो, एवढं ध्यानात ठेवा.

मीही काही जन्मतः शहाणी नव्हते. एकदा यादीवर लूप फिरवत असतानाच त्याच यादीतली जुनी नावं काढून टाकत होते. निम्मी तशीच राहिली! दिवसभर डोकं खाजवलं तेव्हा उजेड पडला. वाढता वाढता एक जण उठला, पुढचे सगळे एकेक जागा सरकले, आणि मी मात्र पुढच्या जागेवर गेले. जो सरकून मागे आला तो राहिलाच. हवी ती नावं नव्या यादीत घेतली की प्रश्न मिटतो.

"मुलांना आतलं यंत्र कळायला नको का?" असं बाई म्हणतील. कळायलाच हवं, पण ते सी शिकवताना शिकवा, तिथे ते शोभतं. पायथॉनमध्ये सी लिहिणं म्हणजे मराठीत 'मी आंघोळ घेतली' म्हणणं. अर्थ कळतो, पण कानाला टोचतं. शिवाय सीची भावंडंही बदलली की! जावाने २००४ मध्ये, सी प्लस प्लसने २०११ मध्ये आकड्यावाचून चालणारा फॉर लूप घेतलाच.

दुसऱ्या टोकाच्या शहाण्यांनीही हसू नये. तीन लूप आणि दोन अटी एकाच ओळीत कोंबून "बघा, एका ओळीत केलं!" म्हणणारे तेवढेच दोषी. तो लूप सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच कळत नाही.

माझी कसोटी सोपी आहे. लूप मोठ्याने वाचा. आपण काय करतोय ते ऐकू आलं तर तो चांगला. नुसते आकडेच ऐकू आले तर पुन्हा लिहा.

असो. दोन मार्क गेले त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं की पुढच्या पेपरात भाचा गुपचूप इंडेक्स लिहून आला. सरळ बोलणारं पोर आपण आडवळणाने बोलायला शिकवलं.

पटत नसेल तर खुशाल भांडा, मी आहेच.