बाळाच्या हातचें काम

माझा नातू सवादोन वर्षांचा आहे. त्याच्या संग्रहीं शब्द थोडे आहेत. परंतु त्यांतील एक शब्द तो दिवसांतून पन्नास वेळां उच्चारतो, आणि तो म्हणजे ‘मी’. सदऱ्याच्या गुंड्या लावावयास गेलें कीं ‘मी’. पेल्यांत पाणी ओतूं लागलें कीं ‘मी’. जिना उतरतांना हात धरला कीं तो झिडकारून पुन्हां ‘मी’. आयुष्यभर मीं विद्यार्थ्यांकडून ‘अस्मद्’ शब्द चालवून घेतला. पण त्याच्या प्रथमेच्या एकवचनांत केवढा आग्रह सांठविलेला असतो, हें मला या वयांत एका शिशूनें शिकविलें.

या आग्रहाला आपण घरोघर ‘हट्ट’ असें नांव देतों. आणि हट्ट मोडून काढणें हें वडील माणसांचें कर्तव्य, अशी आपली समजूत आहे. या महिन्यांत वाचकांपुढें मला एवढेंच मांडावयाचें आहे कीं, दोन-तीन वर्षांच्या मुलाचा हा ‘मी’ बहुतेक वेळां हट्ट नसून काम मागणें असतें; आणि तें काम देण्यास घरासारखी दुसरी शाळा नाहीं.

प्रथम माझाच अपराध सांगतों. आमचें बिऱ्हाड सरावलीस. चिरंजीव व सूनबाई दोघेंही तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस जातात. सकाळीं सातच्या आंत त्यांना घर सोडावें लागतें. तेव्हां नातवाचें सर्व कांहीं आम्हां उभयतांकडे. भरविणें, तोंड पुसणें, कपडे चढविणें, विखुरलेलीं खेळणीं गोळा करणें, सर्व आम्हीच करीत होतों, आणि तेंही मोठ्या कौतुकानें. सूनबाईनें एकदां हळूच सुचविलें, “बाबा, त्याचं त्याला खाऊं द्या ना. सांडलं तर मी संध्याकाळीं आल्यावर पुसून घेईन.” त्यावर आमच्या मंडळींनीं उत्तर दिलें, “एवढ्याशा पोराला कामाला जुंपायचं का? मग आम्ही घरांत कशाला आहोंत?” मीं मंडळींची बाजू घेतली. पस्तीस वर्षें अध्यापन केलेल्या माणसानें ती घ्यावयास नको होती.

गेल्या श्रावणांत मला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. उपचार वेळेवर झाले, वाचा शाबूत राहिली. पण उजवा हात कांहीं महिने नांवापुरताच उरला. व्यायाम शिकविण्यास येणाऱ्या बाईंनीं बजाविलें होतें कीं, जें जें करतां येईल तें त्याच हातानें करा, मग कितीही वेळ लागो. परंतु घरच्या मायेपुढें त्यांचें कांहीं चालेना. मी पेल्याकडे हात नेण्यापूर्वींच पेला ओठांशीं येई. गुंड्या दुसरेंच कोणी लावी. एके सकाळीं मीं चहाचा पेला डाव्या हाताचा आधार देऊन कसाबसा उचलला. दोन थेंब सांडले, आणि लगेच तो माझ्या हातांतून काढून घेण्यांत आला. “मी घेतों!” असें मी इतक्या मोठ्यानें ओरडलों कीं, सूनबाई स्वयंपाकघरांतून धांवत आली. शेजारीं नातू बसला होता व आजी त्याला भरवीत होती. आदल्या दिवशीं चार शितें सांडलीं म्हणून त्याच्या हातांतील चमचा मींच काढून घेतला होता. मला त्याच्याकडे पाहवेना.

हा विचार आपल्या भागास नवा नाहीं, हें मला ठाऊक असूनही मीं तो घरीं आचरला नव्हता. बोईसरहून रेल्वेनें उत्तरेस निघालें कीं वाणगांव, डहाणू रोड आणि मग घोलवड लागतें. त्या घोलवडशेजारच्या बोर्डी गांवीं १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. तत्पूर्वीं भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत त्यांनीं काम केलें होतें, व १९२६ सालीं निघालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. बोर्डीस त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें व वारली पाड्यांत रुजलें. शाळेंत मूल येत नाहीं, तर मुलाच्या अंगणांत शाळा न्यावी, या विचारानें त्यांनीं अंगणवाडी चालविली. १९७५ सालीं सरकारनें देशभर बालविकासाची योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही तेंच नांव मिळालें.

या सर्वांच्या मागें मूळ प्रेरणा होती ती इटलींतील विदुषी मारिया माँटेसरी यांची. १९०७ सालीं रोम शहरांतील एका मजूरवस्तींत त्यांनीं लहान मुलांसाठीं ‘बालगृह’ उघडलें. तेथें त्यांना असें दिसून आलें कीं, खेळणीं व खरें काम हीं दोन्ही पुढें ठेवलीं असतां मुलें कामाकडे वळतात. पाणी ओतणें, टेबल पुसणें, गुंड्या लावणें, केर काढणें, हीं कृत्यें तीं पुन्हां पुन्हां करितात, व थकण्याऐवजीं शांत होतात. मोठा मनुष्य टेबल पुसतो तो टेबल स्वच्छ व्हावें म्हणून. मूल पुसतें तें आपला हात आपल्या ताब्यांत यावा म्हणून. टेबल स्वच्छ झालें तरी तें पुसतच राहतें, याचें कारण हेंच. ताराबाईंनीं व अनुताईंनीं या पद्धतीचीं महागडीं साधनें बाजूस ठेवून शंख-शिंपले, खडे, पानें, बिया अशा गांवांत मिळणाऱ्या वस्तूंवर काम चालविलें. आपल्या घरीं तर साधनांचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तीं फडताळांत भरलेलींच असतात.

आतां प्रत्यक्ष कृति कशी करावी, तें सांगतों. पहिली गोष्ट, वस्तु मुलाच्या हाताच्या मापाची असावी. मोठा तांब्या देऊन मग ‘सांडलेंस’ म्हणून रागावणें हा अन्याय आहे. लहान फुलपात्र द्यावें, व त्यांत अर्धेंच पाणी असावें. टॉवेलाची खुंटी त्याच्या खांद्याच्या उंचीवर ठोकावी. दुसरी गोष्ट, काम दाखवितांना बोलूं नये; हळूहळू करून दाखवावें. तोंड व हात एकाच वेळीं चालले म्हणजे मुलाची दृष्टि तोंडाकडे लागते व हात पाहावयाचा राहतो. माझ्या वर्गांतही मीं हीच चूक अनेक वर्षें केली. तिसरी गोष्ट, अवघड कामाचा शेवट प्रथम द्यावा. चड्डी गुडघ्यांपर्यंत आपण चढवावी व वर ओढण्याचें काम त्याला द्यावें. तें साधलें कीं एकेक पायरी मागें जावें. यानें काम पुरें केल्याचें समाधान त्याला पहिल्याच दिवशीं मिळतें. चौथी व सर्वांत कठीण गोष्ट, मध्येंच हात घालूं नये. सांडलेलें पाणी स्वतःच चूक सांगतें. आपण फक्त फडकें कोठें आहे तें दाखवावें.

कामें तरी कोणतीं? दीड वर्षाचें मूल मळका कपडा धुण्याच्या बादलींत नेऊन टाकूं शकतें व खेळणें टोपलींत ठेवूं शकतें. दोन वर्षांचें मूल चपला जोडून ठेवतें, पाट व वाट्या मांडतें, कुंडीला पाणी घालतें, मेथीचीं पानें खुडतें. तीन वर्षांचें मूल रुमालाच्या घड्या करितें, देवपूजेसाठीं फुलें तबकांत लावितें, सहाणेवर चंदन उगाळून पाहतें, आणि जेवण झाल्यावर आपलें ताट उचलतें. हें शेवटचें वाक्य मुलगे असलेल्या घरांनीं दोनदां वाचावें. आपल्या घरांत मुलाचें ताट आईनें किंवा बहिणीनें उचलण्याची चाल अद्यापि गेलेली नाहीं. पूर्वीं मुंज झालेला बटु गुरुगृहीं समिधा आणीत असे, याचा आपण अभिमान सांगतों. पण आपल्या बटूला पाण्याचा पेला जागेवर लागतो.

मंडळींच्या शंकेंत मात्र तथ्य आहे, तें मान्य केलें पाहिजे. काम देणें आणि राबविणें यांत मोठें अंतर आहे. ज्या पाड्यांत ताराबाई गेल्या, तेथें मोठ्या भावंडाला लहान भावंड सांभाळावें लागे व त्यापायीं त्याची शाळा बुडे. म्हणूनच त्यांनीं विकासवाडींत शाळेच्या जोडीला पाळणाघर व बालवाडी ठेविली. तेव्हां काम असें असावें कीं, मुलाला तें कंटाळा आल्यास सोडतां यावें, आणि तें न झाल्यानें कोणाचें अडूं नये. त्यासाठीं बक्षीस लावूं नये व शिक्षा म्हणून तर तें कधींच देऊं नये.

दुसरी दक्षता जिवाची. पाण्यानें भरलेली बादली न्हाणीघरांत उघडी ठेवूं नये. अगदीं थोड्या पाण्यांतही लहान मूल बुडूं शकतें. विस्तव, सुरी, फिनेल व औषधें यांजपासून त्याला दूर ठेवावें. तीन वर्षांच्या आंतील मुलास शेंगदाणे, वाटाणे, वाल असे बारीक दाणे एकट्यानें हाताळूं देऊं नयेत. ते घशांत अडकतात. आमच्याकडे वालाच्या डाळिंब्या सोलावयास नातू बसतो, तेव्हां आजी त्याच्या समोरून हलत नाहीं. होय, वाचकहो, तीच आजी. तो एक डाळिंबी सोलीपर्यंत त्या वीस सोलतात, आणि त्याची एक वेगळ्या वाटींत ठेवून संध्याकाळीं सूनबाईला दाखवितात.

वेळेचें कारण सर्वजण सांगतात, आणि तें खोटें नाहीं. कामावर जाण्याची गाडी गांठावयाची असतां मुलाच्या गुंड्यांसाठीं पाव तास थांबतां येत नाहीं. अशा वेळीं आईनें लावून द्याव्या व मनाला लावून घेऊं नये. पण संध्याकाळ आहे, रविवार आहे, आणि ज्यांना कोठेंच जावयाचें नाहीं असे आजी-आजोबा आहेत. पाव तास थांबणें ही आमच्याजवळची एकमेव संपत्ति आहे. ती नातवासाठीं खर्च करावी.

हल्लीं सकाळीं चिरंजीव व सूनबाई गेल्यावर आम्ही दोघे गॅलरींत सदरे घेऊन बसतों. माझ्या उजव्या हाताला एक गुंडी लावण्यास अद्यापि बराच वेळ लागतो. त्याला जवळजवळ तितकाच. मंडळी दारांत उभ्या राहून पाहतात. त्यांचा हात मदतीसाठीं पुढें येतो आणि त्या तो पदरांत घेतात. काल त्याच्या तीन गुंड्या लागल्या, माझ्या दोन. वाचकांनींही या महिन्यांत एकच काम निवडून मुलाच्या हातीं द्यावें, व त्याचा अनुभव मला अवश्य कळवावा.