तीन लाखांच्या रेषेअलीकडचा सातारा

सांगलीच्या ई-बसचा विषय निघाला की साताऱ्यात एकच प्रश्न येतो : आमचं काय? या आठवड्यातही तो आला. आणि तो रास्तच आहे.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत ऑगस्ट २०२३ मध्ये दहा हजार बस मंजूर झाल्या, त्या ३ ते ४० लाख वस्तीच्या शहरांसाठी. वस्ती धरली २०११ च्या जनगणनेची. सांगली-मिरज-कुपवाड तेव्हा ५ लाखांच्या थोडं वर, म्हणून पात्र. सातारा शहर १ लाख २० हजारांचं. ते दारातच अडलं. हद्दवाढीनंतरही तीन लाख दूरच आहेत.

रस्ता पाहिला, तर मात्र निकाल उलटा लागतो. सांगलीहून विश्रामबागेवरून मिरज म्हणजे सपाट, जवळचा पल्ला. साताऱ्याच्या गाड्या मेढ्यावरून केळघर घाट चढतात, वाईहून पसरणी घाटानं पाचगणी-महाबळेश्वर गाठतात. भरलेली गाडी खालच्या गिअरवर चढताना डिझेल सर्वांत जास्त पिते आणि धूरही तिथंच ओकते. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. उतारावर तीच जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत भरते, ब्रेकची झीजही वाचते. थंड हवेची म्हणून जी गावं मिरवली जातात, त्यांच्या घाटात हा धूर का सोसायचा? ई-बसचं चीज जिथं होईल तो जिल्हा केवळ त्याचं शहर लहान म्हणून बाहेर राहिला.

उरते एसटी. तिनं ५,१५० ई-बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केला. मे २०२५ पर्यंत २२० च्या आसपास आल्या आणि परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, अशोक लेलँडला २,१०४ डिझेल बसची ऑर्डर गेली होती, सुमारे ९८१ कोटींची. राज्याच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात २०२५ पर्यंत एसटीचा १५ टक्के ताफा विजेचा करायचं ठरलं होतं. प्रवाशाला गाडी हवी, ती जुनी खिळखिळी नको, म्हणून डिझेलच्या नव्या लालपरीला दोष देता येत नाही. दोष आहे तो ई-बसचा पुरवठा एवढा लांबू देण्याचा.

हे पुन्हा सांगावं लागतं की घाटातल्या या गाड्यांत पर्यटक थोडे. मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं हाच त्यांचा खरा भरणा.

म्हणून पुढच्या निविदेत नुसता राज्याचा एकूण आकडा नको. मेढा, वाई, महाबळेश्वर, पाटण या आगारांच्या नावावर नऊ मीटरच्या ई-बस लिहून द्या, पुरवठ्याच्या तारखा आगारवार बांधा आणि महावितरणकडे उच्चदाब जोडणीचे अर्ज आत्ताच टाका.