क्लिफ रिचर्डचा नाताळचा अल्बम आणि कॅम्पातली जुनी रेकॉर्ड

या पानावर आपण बहुतेक वाडे, गणपती आणि शाळामास्तर यांच्याच आठवणी लिहितो. आज जरा वेगळं. आमच्या बेळगावात साठीच्या दशकात मराठी घरातली काही पोरं नाट्यगीतांबरोबर क्लिफ रिचर्डही ऐकायची. त्यातला मी एक. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, ठिकठिकाणी बदल्या झाल्या, रिटायर झालो, पण हे वेड काही गेलं नाही.

2022 च्या नोव्हेंबरात त्याचा 'ख्रिसमस विथ क्लिफ' हा अल्बम आला. गडी तेव्हा 82 वर्षांचा. इंग्लंडच्या यादीत थेट दुसऱ्या नंबरावर. मुलीने फोनवर लावून दिला. तेराच्या तेरा गाणी दोनदा ऐकली आणि खरं सांगतो, मन भरलं नाही.

कारण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. क्लिफ जन्मला लखनौला, 1940 साली. 1948 मध्ये घरचे बोटीने इंग्लंडला गेले. आमच्या कॅम्पातल्या एका गोवेकर दोस्ताच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता. आमच्याकडे फक्त रेडिओ, तोही वडिलांच्या ताब्यात. 'द यंग वन्स', 'बॅचलर बॉय', 'समर हॉलिडे' हे सगळं दोस्ताकडे. "काय करालास? ये की, नवीन रेकॉर्ड आल्या," अशी त्याची हाक आली की मी सायकल काढायचो. त्याची आई आम्हाला बिबिंका द्यायची, आमची आई त्याला कडबू. तो गणपतीत आमच्याकडे आरतीला टाळ धरून उभा राहायचा, भीमसेनांचे अभंग मांडी घालून ऐकायचा. शब्द सगळे कळत नव्हते त्याला, पण कधी उठला नाही.

1966 मध्ये क्लिफने लंडनला बिली ग्रॅहमच्या सभेत आपण ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्याचं जाहीर केलं. गाणं सोडणार अशी बोलवा झाली, पण सोडलं नाही. प्रेमाची गाणी चालूच राहिली, मधून मधून भक्तीची रेकॉर्ड निघायची. 1978 चा 'स्मॉल कॉर्नर्स' त्यातलाच. दोस्ताच्या थोरल्या भावाने लंडनहून पाठवला. मी रजेवर आलो होतो, त्याने हौसेने लावला. दुसऱ्या गाण्यालाच मी म्हणालो, "अरे, ह्याचा पाद्री झाला की! ते 'यंग वन्स' लाव." तो काही बोलला नाही. पिन उचलली, रेकॉर्ड कव्हरात घातली, माझी फर्माईश लावली. पुढच्या चाळीस वर्षांत माझ्यासमोर त्याने क्लिफचं भक्तिगीत एकदाही लावलं नाही. आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही! आमच्या घरी "हे विठ्ठल विठ्ठल नको, सिनेमाचं लाव" असं तो म्हणाला असता तर मला कसं वाटलं असतं?

तर हा अल्बम. तेरातली दहा गाणी जुनी, सगळ्यांनी गायलेली, तीन नवी. ख्रिसमसचा अल्बम, त्यात येशू असणारच, त्याबद्दल तक्रार कशी करणार? माझी तक्रार उलटी आहे. येशू कमी आणि बर्फ, घंटा, सजावट जास्त. मॉलमध्ये मागं लावून ठेवावीत अशी बरीचशी गाणी. वाद्यं एवढी गुळगुळीत की माणसाचा श्वास कुठं ऐकू येईना. 'जॉय टू द वर्ल्ड'ला थोडा जीव आहे. नव्यांतलं 'हार्ट ऑफ ख्रिसमस' गोड आहे, पण गोडच.

हाच माणूस 1999 मध्ये 'मिलेनियम प्रेयर' घेऊन उभा राहिला होता. बायबलातली प्रार्थना, नववर्षाच्या जुन्या स्कॉटिश चालीवर. त्याच्या नेहमीच्या कंपनीने रेकॉर्ड काढायला नकार दिला, रेडिओवाल्यांनी तोंड फिरवलं, तरी तीन आठवडे पहिल्या नंबरावर. गाणं मला आवडलं नव्हतं, पण छातीवर हात ठेवून म्हणलेलं होतं. नंतर 2014 मध्ये पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली, बीबीसीने ती टीव्हीवर दाखवली. आरोपपत्र कधीच झालं नाही, 2018 मध्ये कोर्टाने बीबीसीविरुद्ध त्याच्या बाजूने निकाल दिला. एवढं सोसलेल्या म्हाताऱ्याकडून भक्तीचं गाणं कसं यावं? मला वाटतं, थकलेल्या आवाजात, एक गिटार घेऊन.

आपले कुमार गंधर्व बघा. आमच्या सुळेभावीचे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं देवासला गाणं बंद. परत गायले तेव्हा तुटणारा दम त्यांनी लपवला नाही, त्यातूनच गाणं उभं केलं. निर्गुणी भजनं ऐकताना तो श्वास आपल्याला कळतो. देवासच्या, इंदूरच्या वाचकांना हे मी काय सांगावं! क्लिफची आणि कुमारांची तुलना नाही करत, रागावू नका. पण उतारवयातलं भजन मला तसं हवं. स्टुडिओत वय पुसून टाकलं तर भक्तीपण थोडी पुसली जाते.

कुणी म्हणेल, 82 व्या वर्षी गायला हेच खूप. बरोबर आहे. पण साठ वर्षांचा ऐकणारा आहे मी, तेवढं बोलायचा हक्क आहे.

हे सगळं ज्याच्याशी भांडायला हवं होतं तो दोस्त गेल्या वर्षी गेला. त्याने हा अल्बम माझ्यासमोर लावला असता का, माहीत नाही. परवा वहिनींकडे जाऊन 'स्मॉल कॉर्नर्स' मागितला. कपाटातून काढून दिला, कव्हर अजून कोरं. "हे तुम्हाला आवडत नाही म्हणायचे की ते," असं वहिनी म्हणाल्या. मला काही उत्तर सुचेना. प्लेअरपण देऊन टाकला त्यांनी, पण त्याचा बेल्ट तुटलाय. बेळगावात किंवा पणजीला तो बदलून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया खाली कळवा, नाताळच्या आत झालं तर बरं.