लेसर मारला, पण कुठला?

सेमिनारचे दिवस आले की हॉस्टेलमध्ये एक वाक्य खोलीखोलीतून फिरतं - 'लेसर मारल्यावर ऑक्साइडच्या थिन फिल्मची क्वालिटी सुधारते.' मागच्या वर्षी मीही ते ठोकून दिलं. सरांनी एवढंच विचारलं, "कुठला लेसर? आणि सुधारते म्हणजे नक्की काय होतं?" मी गप्प! माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य आपण लिहिणंच बंद करावं.

लेसरची करामत खरी आहे, ती कुणी नाकारत नाही. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर सांधा जोडताना अख्खा दागिना भट्टीत घालत नाही, फुंकणीने ज्योत हवी तिथेच वळवतो. लेसरचंही तसंच. टायटॅनियम ऑक्साइडचं अ‍ॅनाटेज रूप बदलून रुटाइल व्हायला भट्टीत साधारण ६०० अंशांच्या वर जावं लागतं, आणि तोवर खालची साधी काच वाकायला लागते. १० नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये मात्र उष्णता काचेत एक मायक्रॉनसुद्धा खोल उतरत नाही.

पण वेव्हलेंथ चुकली तर? झिंक ऑक्साइडचा बँड गॅप ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे ३६८ नॅनोमीटर. एनडी-याग लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण या फिल्ममधून बहुतांशी आरपार निघून जातो. त्याच लेसरचा तिसरा हार्मोनिक, ३५५ चा, चांगला शोषला जातो. आणि एनर्जी फार झाली तर फिल्मच काचेवरून उडते, मग बसा मोजत!

'सुधारते'चं तर विचारूच नका. लेसरने कण मोठे झाले, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या पडल्या की रेझिस्टन्स बहुधा कमी होतो. पारदर्शक इलेक्ट्रोडला हे हवंच असतं. पण अमळनेरच्या प्रताप कॉलेजात अशा ऑक्साइडांच्या गॅस सेन्सरवर बरंच काम झालंय, त्या सेन्सरचं काय? तिथे सगळा खेळ पृष्ठभागावर बसलेल्या ऑक्सिजनचा. कण मोठे झाले की पृष्ठभाग कमी, आणि सेन्सर मंद. एकाची सुधारणा ती दुसऱ्याची बिघाडी.

'आपल्याकडे लेसर नाही, संशोधन काय करणार?' हे रडगाणं मी धुळ्यात ऐकलं, जळगावात ऐकलं. अरे, हॉटप्लेट, स्प्रेची काचेची नळी आणि झिंक अ‍ॅसिटेटचं द्रावण एवढ्यावर फिल्म बनते. तिचे दोन तुकडे करा. दोन्हींचा रेझिस्टन्स आणि बँड गॅप मोजून ठेवा. एक तुकडा तसाच राहू द्या, दुसरा लेसर असेल तिथे पाठवा. परत आला की वेव्हलेंथ, पल्स किती, दर चौरस सेंटिमीटरला एनर्जी किती, हे सगळं लिहा.

माझ्या रिपोर्टात यातला एकही आकडा नव्हता. मार्क मात्र चांगले पडले!