वडी बंद, तपासणी मात्र नाही

मागच्या महिन्यात अचलपूरच्या आमच्या बैठकीत एक मैत्रीण उशिरा आली. दाराशीच बसली. विषय रेशन कार्डांचा चालला होता. तो संपता संपता ती म्हणाली, ‘‘ताई, आमच्या घरी सोयाबीनची वडी बंद झाली. बुढी म्हणते, त्यानं माणूस बायकी होते. चार वर्सं झाले, लेकरू नाही. तं आता म्हणते, तूच त्याले वड्या खाऊ घालू घालू असं केलं.’’

काही जणी हसल्या. ती हसली नाही. या चार वर्षांत तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, डाय टाकून नळ्यांचा फोटो काढून झाला. त्या दिवशी किती दुखलं ते तिनं सांगितलं. नवऱ्याची तपासणी? एकदाही नाही. आणि आता त्याच्यात काही कमी असेल अशी शंका घरात पहिल्यांदाच आली, तर तिचाही दोष चुलीपाशी उभ्या असलेल्या हिच्याच पदरात!

म्हणून या सोयाबीनचं खरं काय ते पाहू या. आपल्याकडे हे पीक काही परकं राहिलेलं नाही. कपाशी आणि ज्वारीचं रान याच पिकानं खाल्लं. निंदण आपणच करतो, सोंगणीला विळा घेऊन आपणच वाकतो, वाळलेल्या शेंगा हाताला टोचतात त्या आपल्याच. खाण्यात मात्र ते फार थोडं येतं. तेल गाळून उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तीच पेंड खाऊन मोठी झालेली कोंबडी रविवारी ताटात आली की कोणाच्या पुरुषपणाला धक्का बसत नाही.

भीती निघाली कुठून? सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात. त्यांची ठेवण इस्ट्रोजेनशी थोडीफार जुळते, आणि इस्ट्रोजेनला आपण ‘बाईचं हार्मोन’ म्हणतो. झालं! बाईचं काही पोटात गेलं म्हणजे माणूस बाई झाला. पण इस्ट्रोजेन पुरुषाच्या अंगातही असतं. त्याच्याच टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार होतं आणि त्याची हाडं घट्ट राहायला ते लागतं. आपल्याही अंगात थोडं टेस्टोस्टेरॉन असतंच. गाई-म्हशीच्या दुधात तर खरंखुरं इस्ट्रोजेन असतं, अगदी थोडं का होईना. तरी पहिलवानाला दूध पाजताना कोणी कचरत नाही. आयसोफ्लेवोन हे इस्ट्रोजेन नव्हे. शरीरात त्याचं काम फार दुबळं आणि वेगळ्या तऱ्हेनं चालतं. शिवाय रिफाइंड तेलात ते जवळजवळ उरतच नाही. तेव्हा वडी बंद करून भजी सोयाबीनच्या तेलात तळणाऱ्या घरांनी उगाच जीव घाबरा करू नये, आणि तेलही टाकून देऊ नये.

या भीतीला काहीच आधार नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांना पिल्लं होईनात. गवतातल्या अशाच द्रव्यांचा तो परिणाम होता. (त्रास झाला तो मुख्यतः माद्यांना. काळजी मात्र नरांची!) २००८ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या साठ वर्षांच्या एका गृहस्थाची छाती सुजली. तो रोज जवळजवळ तीन लिटर सोयाचं दूध पीत होता. दूध थांबवल्यावर त्याचा त्रास गेला. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ९९ पुरुषांच्या पाहणीत सोया जास्त खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंची दाटी कमी दिसली, पण एकूण संख्येत, हालचालीत नि आकारात ठळक फरक नव्हता. ते सगळे मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या जोडप्यांतले होते.

याच्या उलट बाजूला २०२१ साली ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सतराशेहून जास्त पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन त्यात मोजलेलं होतं. सोया खाल्ल्यानं ते घटलं नाही, इस्ट्रोजेनही वाढलं नाही. एका माणसाच्या तीन लिटरांपेक्षा मला हे वजनदार वाटतं. आठवड्यात दोनदा वाटीभर वडीची भाजी खाणाऱ्या आपल्या माणसाला भ्यायचं कारण नाही. सांभाळायचं ते इतकंच: दाणे कच्चे खायचे नाहीत, नीट शिजवायचे, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती नि सोयाबीन एकाच वेळी घ्यायचं नाही.

पुरुषाचं बीज खरोखर कशानं बिघडतं त्याची यादी मात्र घरात कोणी काढत नाही. तंबाखू, दारू, वृषणाजवळच्या शिरा फुगणं, जुना संसर्ग. जिममध्ये अंग भरावं म्हणून घेतलेली स्टेरॉईडची सुई तर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणंच बंद पाडते. आणि फवारा! १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं कीडनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कोणालाच पोरं होत नाहीत. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते. आपल्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक माणसं मेली. त्यानंतरही पंप पाठीवर घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणारा माणूस घरी येतो आणि त्याच्या ताटातली वडी काढून घेतली जाते.

वडी गेली की ती त्याच्या एकट्याच्या ताटातून जात नाही. घरातच शिजत नाही. तो बाहेर अंडी खाईल, मटण खाईल. ती काय खाणार? सगळ्यांच्या मागून जेवायचं, उरलेलं वरण भाकरीला लावायचं. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास. गरिबाच्या घरात एवढी स्वस्त प्रथिनं दुसरी सहज मिळत नाहीत. एका अफवेपायी ती बाईच्या तोंडातून काढली जातात.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणासोबत. वीर्याची तपासणी काही अवघड नाही. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही नि एका डबीत नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही. म्हणून ही तपासणी आधी व्हावी, बाईच्या नळ्यांचा फोटो त्यानंतर. आपल्याकडे क्रम उलटा आहे, कारण डबीवर पुरुषाचं नाव लिहावं लागतं. ‘बायकी’ ही शिवी इतकी लागते की त्यापेक्षा सोयाबीनच्या दाण्यावर आळ घेणं सोपं.

बैठकीत आम्ही तिला हे सगळं सांगितलं. परवा ती परतवाड्याच्या बाजारात भेटली. नवरा तपासणीला तयार झालाय म्हणाली, पण अमरावतीला, आणि गावात कोणाला कळता कामा नाही या अटीवर. मी वडीचं विचारलं.

‘‘ते अजून बंदच हाय, ताई.’’