मायेचा मोह आणि आपली पोरं

हॉस्टेलमधले काही वाद कधीच संपत नाहीत. मेसची भाजी, क्रिकेट टीमचा कॅप्टन आणि हल्ली तिसरा वाद म्हणजे "माया भारी, थ्रीडीएस मॅक्स भारी की ब्लेंडर?" गॅदरिंगच्या इंट्रो व्हिडिओचं काम निघालं की हा वाद हमखास पेटतो. एक म्हणतो, मायाच्या रिगिंगला तोड नाही. दुसरा म्हणतो, मॅक्सचे मॉडिफायर बघ आधी. ब्लेंडरवाला कोपऱ्यातून ओरडतो, "अरे, आमचं फुकट आहे!" रात्री दोनपर्यंत चर्चा, आणि व्हिडिओ शेवटी पॉवरपॉइंटमध्येच होतो.

मित्रांनो, माझं स्पष्ट मत असं आहे की इंजिनिअरिंगच्या पोरांनी या वादात पडूच नये. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये वस्तू घडवता येते, तिच्यात हाडं घालता येतात, कीफ्रेम देऊन हलवता येते, लाइट लावून रेंडर करता येतं. बटणांच्या जागा वेगळ्या, एवढंच. ही बटणं दाबल्यावर आत काय घडतं हे समजून घ्यायला आपल्याइतकं लायक दुसरं कोणी नाही, कारण तेच आपण एम-थ्रीमध्ये आणि सीजीमध्ये शिकतो. फक्त तिथे ते पाठ करून विसरायचं असतं!

आता बेझिए कर्व्हच घ्या. पिढ्यान् पिढ्या सीनिअरच्या जर्नलमधून उतरवत आलेला टॉपिक. पिएर बेझिए हा रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतला इंजिनिअर. गाडीच्या बॉडीचे बाक गणितात बसवायला त्याने हे कर्व्ह वापरले. सिट्रोएनमधल्या द कास्तेलजोने हेच त्याच्या थोडं आधी काढलं होतं, पण कंपनीने गुपित ठेवलं आणि नाव झालं बेझिएचं. (गुणपत्रिकेत असं आपल्याकडेही होतं, असो.) तोच कर्व्ह आज ॲनिमेशनच्या ग्राफ एडिटरमध्ये बसलाय. चेंडू वरून खाली पडताना दाखवायचा म्हणून दोन कीफ्रेम दिल्या, तर सॉफ्टवेअर आपणहून सुरुवात आणि शेवट दोन्ही मऊ करतं. चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो आणि फुग्यासारखा दिसतो. कारण ग्राफचा उतार म्हणजे वेग! जमिनीजवळचं हँडल ओढून उतार तीव्र केला की चेंडू दणकन आपटतो. अकरावीतला विस्थापन-काल आलेख हाच होता, पण हे तेव्हा कोणी असं दाखवलं असतं तर?

रोटेशनचंही तसंच. ऑयलर अँगल वापरताना मधला अक्ष नव्वद अंशावर गेला की दोन अक्ष एकमेकांवर बसतात आणि कॅरेक्टरचा हात भलतीकडेच गरकन फिरतो. हा गिंबल लॉक. उपाय म्हणजे क्वाटर्निअन. हॅमिल्टनने ते १८४३ मध्ये शोधले आणि केन शूमेकने १९८५ मध्ये ॲनिमेशनमध्ये कसे वापरायचे ते मांडलं. रोबोटिक्सच्या इलेक्टिव्हमधलं इन्व्हर्स कायनेमॅटिक्स पाहायचं असेल तर पुतळ्याचा पंजा धरून ओढा, कोपर आणि खांदा आपोआप हिशेब लावतात.

आणि तो सबडिव्हिजन मॉडिफायर, ज्याने रूममधले निम्मे लॅपटॉप हँग होतात! ही पद्धत एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडली. कॅटमल पुढे पिक्सारचा अध्यक्ष झाला, २०१९ चं ट्युरिंग पारितोषिकही त्याला विभागून मिळालं. सहा चौकोनांचा साधा डबा घ्या. दर लेव्हलला चौकोन चौपट होतात, म्हणजे सहाव्या लेव्हलला २४,५७६. लेव्हल वाढवताना एवढा गुणाकार केला तरी रीस्टार्ट वाचतील.

मेकवाले इथे हात वर करणार, हे मला माहीत आहे. "आमच्या सॉलिडवर्क्समध्ये डायमेन्शन बदललं की पूर्ण मॉडेल बदलतं, तुमच्या ब्लेंडरमध्ये होतं का?" अगदी बरोबर आहे राव. ब्लेंडरचा सिलिंडर मुळात ३२ कडांचा बहुभुज असतो. २० मिमी व्यासाचं होल तसंच ठेवलं तर समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर १९.९० मिमी भरतं. फिटसाठी ०.१ मिमी म्हणजे काय, ते वर्कशॉपच्या सरांना विचारा! तेव्हा बुश आणि शाफ्ट कॅडमध्येच करा. पण तीच यंत्रणा चालताना कशी दिसेल हे व्हायवाला दाखवायचं असेल, तर तिथे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर हवं.

आता क्रॅकबद्दल. पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक कॉपी आपल्याला हवीच कशाला? मायाची आणि मॅक्सची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती रीतसर फुकट मिळते, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, शिकण्यापुरती. पुढे मात्र भाडं भरा. आणि कंपनीच्या मनात आलं तर सॉफ्टवेअरच बंद! १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मधल्या डायनोसॉरसाठी वापरलेलं सॉफ्टइमेज ऑटोडेस्कने २००८ मध्ये विकत घेतलं आणि २०१४ मध्ये गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ज्यांना नुसती बटणं येत होती त्यांनी काय करायचं?

ब्लेंडरवरही हीच वेळ आली होती. टॉन रूसेंडाल या डच माणसाची कंपनी २००२ मध्ये बंद पडली. गुंतवणूकदार म्हणाले, एक लाख युरो द्या आणि सोर्स कोड घ्या. जगभरातून वर्गणी निघाली, सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली आणि १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर जीपीएलखाली सर्वांचं झालं. गणपतीच्या वर्गणीत मुरलेल्या आपल्या लोकांना हे मॉडेल नवीन नाही! त्याच ब्लेंडरवर लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने 'फ्लो' केला. २०२५ चं ऑस्कर त्याने पिक्सार आणि ड्रीमवर्क्सच्या सिनेमांना मागे टाकून घेतलं.

हे सगळं लिहिण्यामागे एक मागणी आहे. आपल्या कॅड लॅबमध्ये चांगल्या ग्राफिक्स कार्डाची मशिन्स आहेत. साडेपाचला लॅबला कुलूप लागतं. आणि इकडे हॉस्टेलवर पोरं खुर्चीवर लॅपटॉप, त्याच्यापुढे टेबल फॅन लावून रेंडर करत बसतात. अर्ध्या मिनिटाची फिल्म म्हणजे ७२० फ्रेम. फ्रेमला चार मिनिटं धरली तर पूर्ण ४८ तास. त्यात लाइट जाते. (ज्युनिअर्सना सल्ला: थेट व्हिडिओ फाइल काढू नका, पीएनजी फ्रेम काढा. लाइट गेली तर एकच फ्रेम जाते, बाकीच्या वाचतात.) काही पोरं घरून पैसे मागवून बाहेरच्या क्लासला जातात आणि कुठलं बटण कुठे, एवढंच शिकून येतात.

एचओडी सरांना विनंती आहे की लॅबमध्ये ब्लेंडर टाकू द्यावं. लायसन्स सर्व्हर लागत नाही, पैसेही लागत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस लॅब नऊपर्यंत उघडी ठेवावी, रजिस्टर ठेवायची आणि कुलूप लावायची जबाबदारी आम्ही बीईचे विद्यार्थी घेतो. आणि जमलं तर सीजीच्या प्रॅक्टिकलमध्ये बेझिएचा प्रोग्रॅम झाल्यावर एक चेंडूही टाकून दाखवावा, अर्धा तास पुरे.

अर्ज रीडिंग रूममध्ये ठेवला आहे. सही करताना रोल नंबर आणि ब्रँच नीट लिहा. गीझरच्या अर्जावरच्या निम्म्या सह्या रेक्टर सरांना वाचताच आल्या नव्हत्या.