‘घरीच असते’ असे म्हणण्यापूर्वी

सरकारी पाहणीचा कर्मचारी दारी आला आणि गृहिणी काय करते असे त्याने विचारले, तर ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर आपण सहज देऊन मोकळे होतो. केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीची नोंद मग ‘श्रमशक्तीबाहेर’ अशी होते.

स्त्रियांना अर्थार्जनाकडे आणण्याचे शासनाचे प्रयत्न अगदीच निष्फळ ठरलेले नाहीत. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. परंतु यातील पुष्कळ स्त्रिया घरच्या शेतीत वा व्यवसायात विनावेतन राबतात. काम वाढले, हाती पैसा आलाच असे नाही.

दुसरी चिंता शरीराची आहे. २९ ऑगस्ट २०१९ रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते.

मग स्त्रिया आळशी आहेत काय? २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे खर्च होतात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८, असे आढळले. ओट्यापाशी तासन् तास उभे राहिल्याने देह थकतो, पण त्याला व्यायाम घडतोच असे नाही. नोकरी असो वा फिरायला जाणे असो, दोन्हींना हवा असतो तो मोकळा वेळ, आणि तोच तिच्यापाशी नाही.

म्हणून केवळ आवाहने पुरेशी नाहीत, असे आम्हांस वाटते. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर असावे, अशी तरतूद २०१७ साली कायद्यात झाली. ती योग्यच होती. पण शेतात वा चार माणसांच्या कारखान्यात राबणाऱ्या आईला तिचा लाभ कसा मिळणार? तिच्यासाठी पाळणाघर वस्तीतच हवे.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या पत्रात घराचा भार वाहणाऱ्या, परंतु समाजाकडून आणि कधी स्वकीयांकडूनही दखल न घेतल्या जाणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख केला आहे. शासनाने आपले कर्तव्य करावेच. परंतु २८९ आणि ८८ यांमधील अंतर शासन नव्हे, आपणच कमी करू शकतो. त्याचा आरंभ आज रात्रीच्या भांड्यांपासून करता येईल.